न चाखता रांधणारी वारसिती

जावा बेटावरच्या सेंदांगवारू गावचा झरा वर्षातून एकदा साफ करतात. भाताची कापणी आटोपली की ज्या शुक्रवारी क्लिवोन, म्हणजे जुन्या पाच दिवसांच्या आठवड्यातला एक वार, येतो त्या शुक्रवारी. त्या दिवशी चौतीस घरांच्या चौतीस कोंबड्या, पाय मुडपून आणि मान वळवून, नमाजाच्या सजद्यात वाकल्यासारख्या बांधून, नारळाच्या दुधात अख्ख्या शिजतात. त्या चुलीची मालकीण गेली एकवीस वर्षं वारसिती.

या चुलीचे नियम तीन. पेटवण्याआधी अंघोळ आणि नमाज. दुसरा, मशिदीच्या मोदिनची दुवा होऊन सगळ्यांचं आमीन म्हणून होईपर्यंत जिभेला थेंबही लावायचा नाही. ज्याच्या नावाने शिजवायचं त्याच्या आधी आपण चव घेतली तर ते उष्टं झालं. आणि तिसरा, चुलीपाशी खोड काढायची नाही, ना अन्नाची ना माणसाची. वाईट शब्द तोंडातून सुटला की सरळ पातेल्यात पडतो आणि तिथून तो डावाने काढता येत नाही.

न चाखता चौतीस कोंबड्या शिजवणं खायचं काम नाही. पण वारसितीच्या हाताला मीठ कळतं. मुठीत घेते, बोटं किंचित सैल सोडते, पातेल्यावर एक फेरी मारते, आणि झालं. दुसऱ्यांदा हात मिठाकडे जात नाही. सासूने म्हणूनच थोरल्या सुनेला वगळून चूल धाकटीच्या हाती दिली होती. थोरली कसिनाह तेव्हा काही बोलली नाही. ती आजवर काही बोललेली नाही, आणि वारसितीला कधीकधी वाटायचं की बोलली असती तर बरं झालं असतं.

या वर्षी पावसाळ्यात वारसितीला नऊ दिवस ताप आला. ताप उतरला, अंगात ताकद आली. मग एका सकाळी तिने वाळल्या कोळंबीच्या लगद्याची पुडी सोडली. तेरासी म्हणतात त्याला, आणि त्याचा वास असा की पुडी सोडली की तिसऱ्या घरात कळतं आज यांच्याकडे काय आहे. वारसितीला काहीच आलं नाही. तिने पुडी नाकाला लावली. नाक आत घातलं. नुसता दगड हुंगावा तसं.

तिने फक्त नवऱ्याला, सारिदीला, सांगितलं. तो गावच्या गामेलान वाद्यमेळात मोठी घंटा वाजवतो, म्हणजे बाकीचे तास न् तास टणाटण करत असतात आणि हा त्यांच्यात एकदाच, योग्य जागी, धम्म करून मारतो.

"डॉक्टर काय म्हणाला?" त्याने विचारलं.

"म्हणाला, येईल. नाहीतर नाही येणार."

"हे तर मीही सांगितलं असतं, आणि रांगेत न बसवता." मग, "चुलीचं काय करायचं, बुने?" पोरं मोठी होऊन परगावी गेली तरी तो तिला 'बुने', पोरांची आई, म्हणूनच हाक मारतो, आणि ती त्याला 'पाकने', पोरांचा बाप.

"चुलीचं काय करायचं? करायची. पाकने, अहो, घरी मी चव घेऊन करते ना, म्हणूनच हल्ली बिघडतं. जीभही आळशी झालीय, तिच्यावर भरवसा ठेवला की मीठ जास्त पडतं. सणाला तर जीभ लावायचीच नाही. हात तोच आहे. हाताला ताप आला नव्हता."

सारिदीला हे पटलं. खरं तर ऐकणाऱ्या कुणालाही पटलं असतं. तिने दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही ते भीतीने नव्हे. तिला माहीत होतं, एकदा ही गोष्ट बाहेर फुटली की बायका काळजीच्या गोड शब्दांनी चूल तिच्या हातातून अलगद काढून घेतील, आणि ती वर आभार मानत बसेल. आणि ती चूल म्हणजे तिची वर्षाची इबादत होती. रोजा, नमाज सगळेच करतात. पण साऱ्या गावाचं पहिलं अन्न देवापुढे आपल्या हाताने जावं, हे तिला एकटीला मिळालेलं होतं. ते ती सहजी सोडणार नव्हती.

गावात आता पाहुणे येतात. सणाच्या आठवड्यात तर घराघरांतल्या पुढच्या खोल्या भरतात. कुणी जोगजाहून दिवसापुरतं येतं, कुणी सुराबायाहून दोन रात्रींसाठी, आणि एखाददुसरं उंच गोरं जोडपं लुंगी उलटी नेसून फिरत असतं. वारसितीच्या पुढच्या खोलीत या वर्षी सुमात्रा बेटावरच्या मेदानच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका उतरल्या होत्या, बू तिउर्मा. बू म्हणजे बाई, तसं पुरुषांना पाक. मेदानकडची बाताक माणसं पोटात तेच ओठात ठेवणारी. आमच्या जावा बेटावरच्या माणसांचं बरोबर उलट. इथे ताकाला जाताना भांडं तर लपवतातच, वर म्हणतात, सहज चालले होते इकडून.

बुधवारी रात्रीच्या जेवणात तिउर्माबाईंनी पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"बू, सारात मीठ फार झालंय."

वारसिती हसली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला हे तोंडावर सांगितलं होतं. शेजारीपाजारी गेले चार महिने तिच्याकडे जेवत होते. सगळे म्हणायचे, "छान झालंय. पाणी आहे का अजून?"

"उद्या कमी घालते," ती म्हणाली.

"घाला. हात चांगला आहे तुमचा, मीठ तेवढं सांभाळा." आणि बाईंनी सार तसंच संपवलं.

शुक्रवारी पहाटे वारसितीने झऱ्याच्या पाण्याने अंघोळ केली, नमाज पढली आणि बिस्मिल्ला म्हणून गावच्या मंडपामागच्या शेडात चूल पेटवली. चुली तीन होत्या. मधल्या मोठ्या पातेल्यात चौदा कोंबड्या, ते तिचं. बाजूच्या दोन पातेल्यांवर कसिनाह आणि रेत्नो. रेत्नो ही गावात नवी आलेली सून, हाताची चपळ, तोंडाने मऊ. बाकीच्या नऊजणी भाज्या चिरत, खोबरं किसत, केळीची पानं पुसत बसल्या होत्या.

नऊ वाजता मंडपात सावल्यांचा खेळ सुरू झाला. सण झऱ्याचा, म्हणून खेळ दिवसा. रुसून गेलेली धान्याची देवी श्री घरी परत येते, तो. सूत्रधाराचा आवाज शेडापर्यंत यायचा आणि मधूनच सारिदीची घंटा. ती वाजली की वारसिती डोकं न उचलता म्हणायची, "जागा आहे म्हातारा."

पाहुण्यांची व्यवस्था तेजोकडे होती. डोक्याला बातिकचं फडकं, गळ्यात शिट्टी, हातात भोंगा. त्याने शेडाच्या दाराशी चटई घालून ठेवली होती. "ज्यांना स्वयंपाक बघायचा आहे त्यांनी इथे बसावं. हात लावू नये, चव मागू नये. आमच्या बूदेंना, म्हणजे वारसितीकाकूंना, प्रश्न विचारू नयेत, त्यांचं मनात चालू असतं."

"माझं मनात काही चालू नाहीये," वारसिती म्हणाली. "मला फक्त तुझा भोंगा चालत नाही."

चटईवर आधी सातआठजण आले, फोटो काढून खेळाकडे गेले. उरल्या तिउर्माबाई, मांडी घालून, शाळेची तपासणी करायला आल्यासारख्या.

दहाच्या सुमारास नारळाचं दूध दाट होऊ लागलं. गवती चहाच्या जुड्या वर तरंगत होत्या, कडेला पिवळी साय धरत होती. वारसितीने मूठभर मीठ घेतलं, फेरी मारली, हात धुतला. मग ती केळीच्या पानांचा हिशेब बघायला वळली. एकवीस वर्षं या वेळी ती पाठ फिरवूनच काम करायची. पातेलं काय म्हणतंय ते तिला मागूनच कळायचं.

थोड्या वेळाने कसिनाह म्हणाली, "आज लाकडं फार कोरडी आहेत, दिक."

दिक म्हणजे धाकटी, यू म्हणजे थोरली. कसिनाह तिला नाव घेऊन कधी हाक मारत नाही.

"कोरडीच हवीत, यू. गेल्या वर्षी धुराने डोळे गेले होते."

रेत्नो म्हणाली, "बूदे, वारा आज इकडचा आहे ना? ज्वाळ सगळी मधल्या पातेल्याखाली येतेय."

"येऊ दे. मधल्यात चौदा आहेत."

मग भाजी चिरणारी एकजण कुणालाच उद्देशून नाही अशी बोलली, "मागल्या वर्षी या वेळेला पातेलं उतरलंसुद्धा होतं, नाही का?"

"मागल्या वर्षी कोंबड्या कोवळ्या होत्या," वारसिती शांतपणे म्हणाली आणि फाटकी पानं वेगळी ठेवू लागली. कुणीतरी खोकलं. कुणीतरी पदराच्या टोकाने नाक पुसलं. अकराजणी आपापल्या कामात अशा गढून गेल्या की सुऱ्यांचा आवाज थांबला.

"बाई," दारातून तिउर्माबाई म्हणाल्या, "तुमचं करपतंय."

शेडात कुणी हललं नाही.

वारसिती वळली. तिला धूर दिसला नाही, वास आला नाही. तिने आधी पातेल्याकडे नाही, बायकांच्या तोंडांकडे पाहिलं. अकरा तोंडं खाली होती. तेवढ्यात तिला सगळं कळलं. लाकडं, वारा, मागलं वर्ष, हे सगळं तिलाच सांगितलं जात होतं. आणि सारातल्या मिठासारखं हेही फक्त परक्या माणसाने सांगितलं.

पण घाबरायला वेळ नव्हता, आणि घाबरणं तिला तसंही जमत नाही.

"रेत्नो, लाकडं ओढ. सगळी. निखारेसुद्धा. कुणी ढवळू नका, डाव आत घालाल तर हात मोडीन." ती तोपर्यंत दोन ओली पोती जमिनीवर टाकून उभी होती. "चौघीजणी या. कानांना धरा. सरळ उचला, हिंदकळलं तर तळाचं वर येईल."

पातेलं पोत्यांवर टेकलं, चुर्र झालं. वारसितीने रिकामं भांडं शेजारी ओढलं, हातात लांब डाव घेतला आणि थांबली. आता पुढचं तिच्या हाताचं काम नव्हतं. वरचा रस चांगला आहे की करपट वास त्यात उतरलाय हे जिभेने कळलं असतं, पण जीभ लावायची नाही. नाकाने कळलं असतं, पण नाक नव्हतं.

"यू," ती म्हणाली. "इकडे ये. मी एकेक डाव काढते. तू वास घे आणि खरं सांग."

कसिनाह जागची हलली नाही. "चुलीपाशी खोड काढायची नसते."

"खोड काढू नकोस. वास सांग."

"दोन्ही एकच."

"एक कसं? मी वाईट आहे म्हणालीस तर ती खोड. रस करपलाय म्हणालीस तर ती बातमी. यू, माझं नाक गेलंय. पावसाळ्यातल्या तापात गेलं. मला येतच नाही वास. झालं सांगून, आता ये."

रेत्नोने ओढलेल्या निखाऱ्यांकडे बघत म्हटलं, "आम्हाला माहीत होतं, बूदे."

"काय माहीत होतं?"

"तुमच्याकडे तेरासी तव्यावर जळत होती आणि तुम्ही तिच्याशेजारी बसून माझ्याशी लग्नाच्या गप्पा मारत होता. घरभर धूर. मी म्हटलं, मी निघते, सासूबाई वाट बघत असतील."

"आणि हे चार महिन्यांपूर्वी?"

"तीन."

"आणि तुम्ही सगळ्या माझ्याकडे जेवत राहिलात?"

"पाणी जास्त प्यायचो," मागून एकीने सांगितलं, आणि मग कुणालाच आवरेना. वारसितीही हसली. पण डाव तिच्या हातात तसाच होता, आणि ती कसिनाहकडे बघत होती.

कसिनाह उठली. गुडघ्यांवर हात टेकून आली, पातेल्याशेजारी बसली आणि नाक पुढे केलं.

आधी कोंबड्या निघाल्या. वारसिती दोन झाऱ्यांवर एकेक कोंबडी तोलून उचलायची, कसिनाह हुंगायची. "चांगली. चांगली. चांगली." अकरा चांगल्या निघाल्या. तळाच्या तिघींपाशी ती थांबली. "हिची पाठ लागलीय. ही बाजूला. हीही." चौदावी तिने दोनदा हुंगली. "ही घे. हिला काही नाही."

मग रस. डावावर डाव. वारसिती वरून, साय न मोडता काढायची. वीस डाव चांगले गेले, तीस गेले. अडतिसाव्याला कसिनाहने मान हलवली. "आता येतोय. थोडासा."

"थोडासा म्हणजे किती? खाणाऱ्याला कळेल?"

"मला कळला."

"मग बास." वारसितीने डाव खाली ठेवला.

निम्मा रस उरला होता. बारा कोंबड्यांना तो पुरणार नव्हता, आणि दुवेला दोन तास राहिले होते. वारसितीने शेडाबाहेर तोंड काढलं.

"तेजो, तुझे पाहुणे किती आहेत?"

"चाळीस, बूदे. का?"

"सोललेले पंचवीस नारळ देते. खवून हवेत. अर्ध्या तासात."

तेजोने क्षणभर विचार केला. मग भोंगा तोंडाला लावला आणि खेळाच्या आवाजावर ताण करून घोषणा दिली की पाहुण्यांच्या खास आग्रहावरून या वर्षी प्रथमच सणाच्या स्वयंपाकात भाग घेण्याची संधी देण्यात येत आहे, जागा मर्यादित. जागा लगेच भरल्या. तिउर्माबाईंनी बाह्या सारल्या आणि सुराबायाच्या एका गृहस्थाला खोबरं कसं धरायचं ते शिकवू लागल्या. गोऱ्या जोडप्यातल्या बाईने खवता खवता खोबऱ्याची चिमूट तोंडाकडे नेली, तशा त्यांनी तिच्या मनगटावर हलकेच चापट मारली. "ऐकलं नाहीत? आमीननंतर."

दूध पिळलं गेलं, गाळलं गेलं, मंद आचेवर गेलं. या वेळी वारसितीने पाठ फिरवली नाही. कसिनाह तिच्या डाव्या हाताला बसून राहिली आणि मधून मधून, कुणी न विचारता, नुसतं म्हणायची, "ठीक आहे." थोड्या वेळाने परत, "ठीक आहे." एकदाच म्हणाली, "एक लाकूड काढ."

वारसितीने काढलं.

जुम्म्याची नमाज सुटली तेव्हा मंडपात पानं मांडून झाली होती. मधोमध भाताची उंच रास, भोवती भाज्या, खोबऱ्याचा कीस, आणि कमी असताना चौतीस म्हणायची वेळ येऊ नये म्हणून तेजोने कुणाला मोजूच दिल्या नाहीत त्या कोंबड्या. खरं तर त्या बत्तीस होत्या. मोदिन पाक खामिम म्हातारे, दुवा लांबवणारे. झऱ्यासाठी मागितलं, भातासाठी, गेलेल्यांसाठी, परगावच्या पाहुण्यांसाठी. वारसिती हात पुढे करून बसली होती. तिने स्वतःसाठी नाक मागितलं नाही. जे आज तिच्या हातून गेलं ते कबूल व्हावं एवढंच मागितलं. आमीन झालं.

मग ती बसल्या जागेवरून एकेकाकडे बघू लागली. न चाखता शिजवणाऱ्या बाईची चव लोकांच्या तोंडांवर असते. तीन घास, चार घास. कुणी पाणी मागत नव्हतं.

शेवटी तिने स्वतःच विचारलं. शहाणी होती, म्हणून मेदानला विचारलं.

"कसं झालंय, बू?"

तिउर्माबाईंनी घास चावून संपवला. "मीठ बरोबर. करपट नाही. तिखट मात्र नावालाही नाही, बू. हे असं गोडगोड कसं खाता तुम्ही रोज?"

"आम्ही असेच आहोत," वारसिती म्हणाली, आणि आता तिने पहिला घास घेतला. तिला चव फारशी आली नाही. पण दाटपणा बरोबर होता, मांस हाडापासून सुटत होतं, आणि शेजारी रेत्नोने परत वाढून घेतलं होतं.

दुपारी खेळाचा उरलेला भाग पुन्हा सुरू झाला आणि बायका भांडी घेऊन झऱ्याच्या खालच्या ओहोळाशी गेल्या. काळं पडलेलं पातेलं कसिनाहने दुसऱ्या कुणाला घेऊ दिलं नाही. राख आणि नारळाची शेंडी घेऊन ती घासू लागली. वारसिती पलीकडून कानाला धरून बसली.

"यू, वास तुला किती आधी आला होता?"

"लाकडांचं म्हटलं त्याच्या आधी."

"मग सरळ का नाही बोललीस? नियमामुळे?"

कसिनाह घासत राहिली. "नियमामुळेही. पण खरं सांगू? मी बोलले असते तर या सगळ्या म्हणाल्या असत्या, थोरली एकवीस वर्षं टपूनच बसली होती. आणि मी मनात म्हटलं, खरंच टपून बसले नव्हते ना? तेवढं तपासेपर्यंत तळ लागला."

वारसितीने पातेलं थोडं फिरवून तिच्यापुढे केलं.

"मग? होतीस टपून?"

"पहिली पाच वर्षं होते," कसिनाह म्हणाली. "मग माझे हात थरथरायला लागले. मुठीतनं मीठ गळतं माझ्या. मग कशाला टपू?"

ओहोळाच्या पलीकडे रेत्नो झारे धूत होती. ती धुवायची थांबली नव्हती, पण पाण्याचा आवाज एकदम कमी झाला होता.

"पुढच्या वर्षी चूल मीच करणार," वारसिती म्हणाली. "हे मी विचारत नाहीये, सांगतेय. हात माझा. पण नाक तुझं. तू माझ्या डाव्या हाताला बसायचंस, पहाटेपासून, अंघोळ-नमाज करून, माझ्याइतकीच चुलीची."

"आणि हे तू विचारतेयस की सांगतेयस?"

"हे विचारतेय."

कसिनाहने पातेलं उपडं केलं, आतून बोट फिरवलं, पुन्हा राख घेतली.

"मग मी बोलणार. करपलं तर करपलं म्हणणार. लाकडं, वारा असलं काही नाही. मोदिनला जाऊन आधी सांग, की चुलीपाशी बातमी दिली तर चालते. नाहीतर मागाहून माझ्याच नावाने खडे फोडतील."

"आजच सांगते. घरी जाताना."

"आजच का, आत्ता जा. खेळ सुटला की ते झोपतात." कसिनाहने तिच्या हातातला पातेल्याचा कान सोडवून घेतला. "आणि वारसिती, जाता जाता तोंड धू. गालाला काजळी लागलीय. सकाळपासून आहे."

वारसितीने ओहोळात वाकून गाल चोळला, लुगड्याला हात पुसले आणि मशिदीकडच्या वाटेला लागली.